दोन लाव्हांच्या मधलं

विहीर खोदणाऱ्यांची जमिनीखालची भाषा फार नेमकी असते. वर काळी, तिच्याखाली मुरूम, मग मांज, मग सुरुंग लावल्याशिवाय न फुटणारा काळा पाषाण. खोली सांगायची ती ‘परस’ या मापात. कधी पाषाण संपून लालभडक गेरूचा पट्टा लागतो आणि त्याच्याखाली पुन्हा मांज, पुन्हा पाषाण. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात पुसेगाव आहे (साताऱ्याकडचं सेवागिरी महाराजांचं पुसेगाव वेगळं, पण पायाखालचा खडक दोघांचाही एकच). तिथल्या शिवारापासून पश्चिमेला मुंबईपर्यंत आणि पूर्वेला नागपूरच्या वेशीपर्यंत कुठंही खाली उतरत गेलं की हीच उतरंड कमीअधिक फरकानं भेटते.

त्या वर्णनातला ‘पुन्हा’ मला महत्त्वाचा वाटतो. एक लाव्हा आला, निवला, त्याच्यावर ऊनपाऊस झाला, थोडी माती झाली. मग पुन्हा लाव्हा आला. या दोन लाव्हांच्या मध्ये जे काही साचलं, उगवलं, पोहलं आणि गाडलं गेलं, त्याच्यासाठी इंग्रजी भूशास्त्रात एक विशेषण आहे: ‘इंटरट्रॅपियन’.

भूशास्त्राबाहेर ते कुणी वापरत नाही. आतही मुख्यतः दख्खनच्या खडकांवर लिहिणारेच वापरतात. वृत्तपत्रात ते येत नाही. परीक्षेत आलं तर पाठ होतं आणि विसरलं जातं. पण महाराष्ट्राच्या भूमीविषयी गेल्या दीडशे वर्षांत जे शास्त्रीय लेखन झालं, त्यात हा शब्द पानोपानी आहे, आणि इतक्यांदा भेटूनही मला त्याचा कंटाळा आलेला नाही. दहावीच्या वर्गात कवितेचं रसग्रहण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं अशा खणांत लिहायला लावतात. एकाच शब्दाचं रसग्रहण करायचं तर हे खण उपयोगाचे नाहीत, कारण इथं आशय, प्रतिमा आणि भाषा सगळं त्या एका शब्दाच्या सांध्यांमध्येच आहे. तेव्हा सांधे उकलावेत हे बरं.

पहिला तुकडा ‘इंटर’. हा लॅटिन आहे आणि आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतातला ‘अन्तर्’ आणि लॅटिनमधला ‘इंटर’ ही एकाच घरातली भावंडं. दोन्ही भाषांच्या समान पूर्वजाकडून आलेली. मराठीत या घराण्यानं मोठा संसार मांडला. अंतर म्हणजे लांबी, अंतर म्हणजे मन, अंतर पडणं म्हणजे दुरावा. लॅटिनकडच्या शाखेतून आपल्याकडे आलेला एक शब्द तर सिनेमाला जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहे: इंटरव्हल. त्याचा मूळ अर्थ दोन तटांच्या मधली जागा. ‘व्हॅलम’ म्हणजे तटबंदी, आणि त्या दोन तटबंदींमध्ये उरलेली मोकळी पट्टी म्हणजे ‘इंटरव्हॅलम’. पुढे जागेवरून अर्थ वेळेवर सरकला. ‘इंटरट्रॅपियन’ची घडण नेमकी हीच आहे: उपसर्ग तोच, आणि पुढे दोन बाजूंना उभ्या असलेल्या कठीण वस्तूचं नाव. गंमत म्हणजे अर्थाचा प्रवासही तोच. भूशास्त्रात थराची जागा सांगितली की काळ आपोआप सांगितला जातो. दोन खडकांच्या मधला थर म्हणजे दोन उद्रेकांच्या मधला काळ. विशेषण जागेचं आहे, पण वाचायचं ते वेळेचं म्हणून.

संस्कृतात ‘अन्तरा’ या अव्ययाचा अर्थच ‘मध्ये’ असा होतो, आणि आपल्या गाण्यात अंतरा आहे. नरसी नामदेव हे हिंगोली जिल्ह्यातलंच गाव. तिथल्या भजनात ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं आणि अभंगातलं सांगणं पुढे सरकतं ते मधल्या कडव्यांत. दख्खनच्या पठाराला ही तुलना चपखल लागू पडते. लाव्हा हे ध्रुपद. ते तेच ते आहे, जोरकस आहे, सगळी जागा व्यापून टाकतं. गोष्ट घडते ती अंतऱ्यात.

या उपसर्गाचा आणखी एक भारदस्त वंशज हिंगोलीच्या नकाशावर येतो आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा ठरली आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंचं हे यंत्र म्हणजे इंटरफेरोमीटर. त्यातल्या ‘इंटरफेअर’चा जुन्या फ्रेंचमधला अर्थ एकमेकांवर आघात करणं. म्हणजे याच काळ्या पाषाणावर उद्या ‘इंटर’नं सुरू होणारे दोन शब्द नांदतील, एक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या शांततेचा आणि दुसरा प्रकाशाच्या टकरीचा. विषयांतर झालं, पण विषयांतरातही ‘अंतर’ आहेच.

आता ‘ट्रॅप’. मराठी वाचकाला हा शब्द लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या बातम्यांतून माहीत आहे. तलाठी किंवा अभियंता ‘ट्रॅप’मध्ये सापडतो. त्यामुळे ‘डेक्कन ट्रॅप’ हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दख्खन कशाच्या तरी सापळ्यात अडकल्यासारखं वाटतं. इथला ट्रॅप मात्र स्वीडनचा. स्वीडिश भाषेत ‘ट्रापा’ म्हणजे जिना. अठराव्या शतकात तिकडच्या खनिजतज्ज्ञांनी काळसर, कठीण, पायऱ्यापायऱ्यांनी उभ्या राहणाऱ्या खडकाला ‘ट्राप’ म्हणायला सुरुवात केली. स्वीडनच्या वेस्टरगोटलंड भागात सपाट माथ्याच्या टेकड्या आहेत आणि त्यांच्या डोक्यावर हा काळा खडक झाकणासारखा बसलेला आहे. तिथून शब्द जर्मनीत गेला, इंग्लंडात आला. हा खडक पाण्यात साचून झाला की आगीतून, यावर युरोपात त्या काळी मोठे वाद चालले. ‘ट्रॅप’ या नावाला त्या वादाची झळ लागली नाही. खडक कशापासून झाला याविषयी ते काहीच बोलत नव्हतं. तो दिसतो कसा एवढंच सांगत होतं.

आणि सापळ्याचा ट्रॅप? डच भाषेत ‘ट्राप’ म्हणजे जिना, जर्मनमध्ये ‘ट्रेप्पं’ म्हणजे जिना. इंग्रजी सापळ्याचा ‘ट्रॅप’ही बहुधा याच पाऊल टाकण्याच्या कल्पनेतून आलेला आहे: ज्याच्यावर पाय पडतो आणि घात होतो तो. म्हणजे जिना आणि सापळा हे दूरचे चुलतभाऊ. विद्यार्थ्यांची जी चूक शिक्षक हसून दुरुस्त करतात, ती अगदीच निराधार नाही.

पायऱ्यांची ही प्रतिमा दख्खनला किती शोभते ते नाशिक किंवा जुन्नरच्या बाजूला डोंगराकडे पाहिलं की कळतं. प्रत्येक लाव्हाप्रवाहाचा खालचा भाग घट्ट असतो, तो उभा कडा धरून राहतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला असतो. तोच विहिरीतला मांज. तो लवकर झिजतो, मागे हटतो, आणि तिथं सपाटी तयार होते. कडा, सपाटी, कडा, सपाटी. पुसेगावच्या बाजूला हा जिना इतका उंच नाही. तिथं तो बरडाच्या लांबट उतारांत आणि माळाच्या ठेंगण्या कडांत विरून गेल्यासारखा दिसतो, आणि नांगराखाली येते ती या पायऱ्या झिजून झालेली काळी. पण खोदलं की पायऱ्या पुन्हा हजर. या सगळ्यात मला मौज वाटते ती वेगळीच. आपल्याकडे ‘घाट’ म्हणजे नदीकाठच्या पायऱ्या आणि घाट म्हणजे डोंगर उतरण्याची वाटही. त्या वाटांवरून परक्यांनी अख्ख्या डोंगररांगेलाच ‘घाट’ म्हटलं. स्वीडनच्या माणसानं आपल्या टेकड्यांत जिना पाहिला, आणि सह्याद्रीच्या नावातही पायरी येऊन बसली. दोघांची कधी भेट झाली नव्हती.

‘ट्रॅप’ला शेवटी ‘-ियन’ जोडला की ‘ट्रॅपियन’ होतं, ट्रॅपचं किंवा ट्रॅपसंबंधीचं. हा प्रत्यय लॅटिन-ग्रीक वळणाचा आणि इंग्रजीत मुरलेला. त्याच्यावर थांबण्यासारखं फारसं काही नाही. एवढंच की भूशास्त्रातल्या कालखंडांच्या नावांनाही असाच शेवट असतो, डेव्होनियन, पर्मियन. त्यामुळे कानाला ‘इंटरट्रॅपियन’ हे एखाद्या युगाचं नाव असल्यासारखं भासतं. या भासामुळे पुढे काय घोटाळा झाला ते येईलच.

शास्त्रीय लेखनात हे विशेषण सहसा एकटं येत नाही. त्याच्या आधी ‘डेक्कन’ असतं. दक्षिण, प्राकृतात दक्खिण, बोलण्यात दख्खन, इंग्रजीत डेक्कन. दक्षिण म्हणजे पूर्वेकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजवा हात, आणि लॅटिनमध्ये उजव्याला म्हणतात ‘डेक्स्टर’. हीही जुनी भावंडंच. कर्नल साइक्स यांनी १८३० च्या दशकात लंडनच्या भूशास्त्र संस्थेला या प्रदेशाचं वर्णन सादर केलं, तेव्हा त्यांनी ‘डेक्कन’ न लिहिता ‘दख्खन’च्या उच्चाराजवळ जाणारं स्पेलिंग वापरलं होतं. तर ‘डेक्कन इंटरट्रॅपियन’ या दोन शब्दांत एक नाव प्राकृताचं, एक उपसर्ग लॅटिन, एक नाम स्वीडिश आणि वरचा मुलामा इंग्रजीचा. ज्या वस्तूचं नाव आहे ती थरांची, आणि नावही थरांचं. हे कुणी योजून केलेलं नाही, म्हणून जास्त आवडतं.

दोन लाव्हांच्या मध्ये जीव आहेत हे कळलं कसं? सुरुवात डॉक्टरांनी केली. लॅम्बटन यांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर हेन्री व्हॉयझी नावाचे शल्यवैद्य भूवैज्ञानिक म्हणून फिरत होते. लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले, व्हॉयझी पुढच्याच वर्षी. ट्रॅपच्या प्रदेशात शिंपले सापडतात ही गोष्ट व्हॉयझींनी नोंदवून ठेवली होती. मद्रासच्या फौजेतले डॉक्टर जॉन ग्रँट माल्कमसन यांनी पुढे हैदराबादहून नागपूरकडे जाताना निर्मळच्या डोंगरांत असे जीवाश्म जमवले. त्यांचा निबंध १८४० मध्ये छापून आला. निर्मळ नांदेडपासून फार लांब नाही. म्हणजे या कथेचा सुरुवातीचा भाग मराठवाड्याच्या उंबऱ्यावर घडलेला आहे.

पण कथेतला लक्षात राहणारा माणूस नागपूरचा. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ च्या सुमारास नागपुरात आले. शाळा चालवणं हे काम, आणि उरलेल्या वेळात गोंडांची भाषा, त्यांच्या कथा, आणि दगड. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी नागपूरच्या कडेला टाकळी परिसरात लाव्हाच्या दोन थरांमधला एक पातळ पट्टा हुडकला आणि त्यातून गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, फळं, बिया, किडे बाहेर काढले. १८५५ मध्ये दोघांचा नागपूर परिसरावरचा निबंध लंडनला प्रसिद्ध झाला. ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री टाकळघाटहून परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पुरात वाहून गेले. गोंडी कथा आणि शब्द जमवलेले त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून छापले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं नाव त्यांच्यावरून. शब्द आणि शंख सारख्याच जिव्हाळ्यानं गोळा करणारा हा माणूस आपल्याला दगडांचाच अभ्यासक म्हणून ठाऊक असावा, हे काही बरोबर नाही.

आता दोन शीर्षकं शेजारी ठेवून वाचू. हिस्लॉप यांच्या १८६० च्या निबंधाच्या शीर्षकाचा आशय असा: ‘ट्रॅप खडकाशी निगडित असलेले टर्शरी निक्षेप’. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम ब्लॅनफर्ड १८६७ मध्ये लिहितात, ‘ट्रॅप आणि इंटरट्रॅपियन थर’. सात वर्षांचं अंतर. पहिल्या शीर्षकात दोन दावे आहेत. एक, हे थर ट्रॅपशी ‘निगडित’ आहेत. कसे, ते सैल सोडलं आहे. दुसरा, ते ‘टर्शरी’ आहेत, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरच्या काळातले. ब्लॅनफर्ड यांच्या शीर्षकात काळाचा दावाच नाही. सैल होतं ते त्यांनी घट्ट केलं आणि घट्ट होतं ते सोडून दिलं. निगडित म्हणजे कसे? तर मधले. कोणत्या काळातले? ते शीर्षकात ठरवायचं कारण नाही.

या संयमामुळेच हा शब्द मला श्रेष्ठ वाटतो. कारण काळाचा वाद पुढे शंभर वर्षं मिटला नाही. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये शीर्षकातच प्रश्न टाकला: दख्खनचे ट्रॅप क्रिटेशस की टर्शरी? मोहगाव कलां या गावच्या इंटरट्रॅपियन दगडातली ताडमाडांची खोडं आणि फळं पाहून त्यांचा कौल टर्शरीकडे होता. नंतर किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून खडकांची वयं काढता आली आणि चित्र पालटलं. मुख्य उद्रेक आजपासून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, भूशास्त्राच्या हिशोबात थोडक्या म्हणजे दहा लाख वर्षांच्या आतबाहेरच्या काळात झाले, आणि क्रिटेशस संपण्याची रेषा त्या उद्रेकांच्या मधूनच जाते. ‘की’ लावून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ‘दोन्ही’ असं निघालं. या धामधुमीत ‘टर्शरी’ हा शब्द तर भूशास्त्राच्या अधिकृत कालपटावरूनच उतरला. ‘ट्रॅप’ही खडकाचं नाव म्हणून जुनाट झालं, खडकाला आता बेसाल्ट म्हणतात, ट्रॅप उरलाय तो दख्खनच्या आणि सायबेरियाच्या नावात. पण ‘इंटरट्रॅपियन’ला कुणी धक्का लावू शकलं नाही. दोन लाव्हांच्या मधला थर दोन लाव्हांच्या मधलाच आहे; त्यात चुकण्यासारखं काही ठेवलेलंच नाही.

हा मधला थर असतो तरी किती? बहुतेक ठिकाणी काही मीटर, कित्येकदा त्याहून कमी. भोवतीचा बेसाल्ट आज पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला, सह्याद्रीत जाडी दोन किलोमीटरच्या वर. प्रमाण पाहिलं तर विशेषण क्षुद्र वस्तूचं आहे. पण या पट्ट्यात सिलिका पाझरली आणि लाकडाची, फळाची पेशी न् पेशी दगड होऊन राहिली. साहनींनी तिथल्या एका फळाला नाव दिलं ‘एनिग्मोकार्पॉन’, म्हणजे कोडं घालणारं फळ. जातिनामात ओडिशाचे वनस्पतिशास्त्रज्ञ परिजा यांचं नाव गुंफलं. दुसऱ्या एका पाणवनस्पतीच्या बीजाणुफळाला १९४३ मध्ये ‘रोडाइटिस दक्षिणी’ म्हटलं: पहिलं नाव या थरांवर काम करणाऱ्या के. पी. रोडे यांचं, दुसरं थेट दक्षिणेचं. ताडांच्या अशा दगडी खोडांवर पुण्याच्या त्र्यं. शं. महाबळे यांनीही काम केलं. तिकडे मुंबईत वरळीच्या टेकडीत चिमुकले बेडूक सापडले होते. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांना नाव देताना ‘पुसिला’ म्हटलं, म्हणजे इवलासा. आजचं नाव ‘इंडोबॅट्रॅकस’, भारतीय बेडूक. डबकं, बेडूक, गोगलगाय, नेचे, ताड. लाव्हाच्या प्रदेशाचं हे वर्णन कुणी कल्पनेनं केलं असतं तर आपण त्याला हसलो असतो.

शब्दाबद्दल एक तक्रार मात्र आहे. ‘इंटरट्रॅपियन’ सांगतं की थर दोन ट्रॅपच्या मध्ये आहे. कोणत्या दोन, ते सांगत नाही. नागपूरचा थर एका जोडीच्या मध्ये, वरळीचा दुसऱ्या, आणि आंध्रातल्या राजमहेंद्रीचा आणखी तिसऱ्या. मुंबईचे खडक तर एकूण उद्रेकमालिकेतले उशिराचे. पण शब्द एकच, शिवाय शेवटी कालखंडासारखा वाजणारा प्रत्यय, त्यामुळे हे सगळे थर जणू एकाच काळातले असा समज पूर्वी सहज होत असे आणि एका गावच्या शंखावरून दुसऱ्या गावच्या दगडाचं वय काढलं जाई. मराठीत ‘आंतरट्रॅपी’ केलं तरी ही संदिग्धता जात नाही. अनेकवचन करता येत नाही हे विशेषणाचं दुखणं आहे. संयमाची ही किंमत, असं म्हणून सोडून देता येईल. मला ती थोडी जास्त वाटते.

याचा जोडीदार शब्द ‘इन्फ्राट्रॅपियन’, सगळ्या लाव्हांच्या खालचा. तो मराठवाड्यानं फार महाग मोल देऊन शिकला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिथं खोल छिद्र घेतलं गेलं. ३३८ मीटर बेसाल्ट, मग जेमतेम ८ मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली अतिप्राचीन स्फटिकी खडक. तो ८ मीटरचा थर इन्फ्राट्रॅपियन: लाव्हा येण्यापूर्वीची जमीन. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला अशा खालच्या थरांत डायनासोरांची अश्मीभूत विष्ठा मिळते, आणि २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष ओळखले गेले. गवत इतकं जुनं असेल असं तोवर मानलं जात नव्हतं. ‘इन्फ्रा’मध्ये ‘इंटर’सारखी लय नाही हे खरं. त्याला एकच शेजारी, डोक्यावरचा. ‘इंटर’ला दोन असतात, म्हणून त्याच्यात ताण आहे: खालचा लाव्हा निवलेला, वरचा अजून यायचा.

मराठवाड्यातल्या विहिरींत असा शिंपल्यांचा, बियांचा थर सहसा लागत नाही. असे थर जास्त करून पठाराच्या कडांकडे, जिथं लाव्हा पातळ आहे, तिथं सापडतात. आतल्या भागात विश्रांतीची खूण म्हणून लागतो तो लाल गेरूचा पट्टा. लाव्हाचा माथा ऊनपावसानं कुजून माती झाली, आणि वरून नवा लाव्हा येऊन ती भाजली गेली. विहीर खोदणारा त्याला गेरू म्हणतो, भूवैज्ञानिक ‘बोल’. काटेकोर बोलणारे त्याला इंटरट्रॅपियन म्हणत नाहीत, कारण तो पाण्यात साचलेला गाळ नाही. शब्दाच्या अर्थाप्रमाणे मात्र तो मधलाच आहे. इथं शास्त्राची शिस्त व्युत्पत्तीवर मात करते, आणि ते ठीकच आहे. नाहीतर शब्द कशालाही चिकटला असता.

साहनी आणि एच. एस. राव यांनी इंटरट्रॅपियन थरांतल्या एका तरंगत्या पाणनेच्याला नाव दिलं: ‘अझोला इंटरट्रॅपिया’. इंग्रजी विशेषण लॅटिनमध्ये परत गेलं आणि जाताना नियमाप्रमाणे स्त्रीलिंगी झालं. स्वीडनच्या जिन्याला लॅटिनचा आकारान्त शेवट लागला. अझोला हिंगोलीच्या शेतकऱ्याला नवा नाही. खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरून, पाणी आणि थोडं शेण घालून तो वाढवतात आणि दुभत्या जनावरांना पेंडीबरोबर देतात. त्याच्या पानांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरतात, म्हणून त्याचा चारा कसदार. अझोला हे नाव ग्रीकवरून बनवलेलं असून त्याचा अर्थ ‘सुकलं की मरणारं’ असा सांगतात. एप्रिलमध्ये खड्ड्यातलं पाणी आटलं की या नावाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. साहनी-राव यांनी ठेवलेलं दोन शब्दांचं नाव मग असं उलगडतं: पहिला शब्द म्हणतो की हिला साचलेलं पाणी लागतं, दुसरा म्हणतो की ही दोन लाव्हांच्या मधली. म्हणजे खालचा लाव्हा पुरता निवलेला होता, त्याच्या खळग्यात पावसाचं पाणी साचून राहत होतं आणि ते अझोला पसरण्याइतका काळ टिकत होतं.